बिनतारी संदेशवहन, वाहनांतील

मोटारगाडी, मोटारसायकल, अग्निशामक बंब, रुग्णवाहिका यांसारख्या चालत्या वाहनात रेडिओ प्रेषक व ग्राही यांचा जोडसंच आणि त्याचा आकाशक बसवून मध्यवर्ती केंद्राशी किंवा दुसऱ्या वाहनाशी दोन्ही बाजूंनी संभाषण करण्याच्या व्यवस्थेस वाहनांतील बिनतारी संदेशवहन म्हणतात. आकाशक म्हणजे व्यवहारातील अँटेना व बिनतारी संच म्हणजे बोलीतील ‘वायरलेस’ होय. इमारतीत ठेवलेला संच स्थिर असतो, त्याला विजेचा अखंड पुरवठा असतो आणि त्याचा आकाशक हवा तेवढा उंच उभारता येतो. वाहनात यांपैकी एकही सोय नसते. विद्युत् पुरवठा गाडीच्या घटमालेतून घ्यावा लागतो, आकाशक छपराच्या उंचीपलीकडे फारसा नेता येत नाही आणि ग्राहीपासून हातभर अंतरावर गाडीचे एंजिन विद्युत् गोंगाट निर्माण करीत असते. वाहनांतील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास मुख्यत्वे या तीन अडचणींच्या निवारणाचा इतिहास आहे. चांगला संच निष्काळजीपणे बसविल्यास गाडीचा आवाज केंद्रापर्यंत पोहोचत नाही आणि साधा संच नीट बसविल्यास पोहोचतो, हा अनुभव या क्षेत्रात आरंभापासून आजतागायत येत आहे. प्रस्तुत नोंदीत या इतिहासाचे विवेचन पुणे शहर व परिसर यांच्या संदर्भात केले आहे.

पूर्वेतिहास : हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८७–८८ मध्ये विद्युत् ठिणगीच्या साहाय्याने विद्युत् चुंबकीय तरंग निर्माण केले व गूल्येल्मो मार्कोनी यांनी त्यांचा संदेशवहनासाठी उपयोग केला. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये वाफेवर चालणाऱ्या एका मोठ्या गाडीत बिनतारी यंत्रणा बसविली. तिच्या छपरावर आकाशक म्हणून धातूचे एक उंच नळकांडे उभे केलेले होते. गाडी प्रवासाला निघाली की, ते आडवे करून ठेवावे लागे. आकाशक मोठा असल्याशिवाय संदेश जात नाही आणि मोठा आकाशक घेऊन गाडी चालविता येत नाही, हा पेच अशा रीतीने पहिल्याच प्रयोगात उघड झाला.

पोलीस दलांनी या साधनाकडे लवकर लक्ष दिले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी १९२३ मध्ये मेलबर्न येथे गस्ती गाडीत बिनतारी तारायंत्रणा बसविली. अमेरिकेत डिट्रॉइट येथील पोलीस दलाने १९२८ मध्ये गस्ती गाड्यांना ध्वनिसंदेश पाठविण्यास प्रारंभ केला. मात्र ही व्यवस्था एकमार्गी होती. गाडीतील शिपायास केंद्राचा हुकूम ऐकू येई, पण उत्तर देण्यासाठी त्याला गाडी थांबवून जवळचा दूरध्वनी शोधावा लागे. हुकूम मिळाला की नाही, हे तोपर्यंत केंद्राला कळत नसे. न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे १९३३ मध्ये गाडीतून बोलण्याची सोय झाली व खऱ्या अर्थाने दुमार्गी व्यवस्था अस्तित्वात आली.

त्या काळातील संचांत परमप्रसर विरूपणाची पद्धत वापरीत. या पद्धतीत एंजिनाच्या ठिणग्यांचा कडकडाट संदेशात सरळ मिसळतो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी विकसित केलेल्या कंप्रता विरूपणाच्या पद्धतीत संदेश तरंगाच्या उंचीत नसून त्याच्या कंप्रतेतील बदलात असतो, त्यामुळे उंचीत होणारे गोंगाटाचे फेरफार ग्राहीत छाटून टाकता येतात. डॅन्येल नोबल यांनी कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी १९४० च्या सुमारास या पद्धतीची दुमार्गी वाहन-यंत्रणा उभारली आणि पुढे जगभर तीच पद्धत रूढ झाली.

भारतातील प्रारंभ : पुणे परिसराचा बिनतारी संदेशवहनाशी संबंध १९२७ पासूनचा आहे. त्या वर्षी इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे प्रेषणकेंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहणकेंद्र दौंड येथे होते. ही दोन ठिकाणे एकमेकांपासून सु. ७५ किमी. दूर आहेत. प्रबल प्रेषकाच्या सान्निध्यात दूरच्या क्षीण तरंगांचे ग्रहण करणे अवघड असते, हे अशा विभागणीमागील कारण होय. खडकी व दौंड यांच्यामध्ये जे अंतर ठेवता आले, ते गाडीत ठेवता येणे अशक्य असते. तेथे प्रेषक व ग्राही एकाच पेटीत असतात आणि दोघांना मिळून एकच आकाशक असतो. म्हणून हातातील ध्वनिग्राहकावरील कळ दाबली असता ग्राही बंद पडून आकाशक प्रेषकाला जोडला जावा व कळ सोडताच पुन्हा ग्राहीकडे यावा, अशी योजना करतात. एकाने बोलताना दुसऱ्याने थांबावयाचे आणि बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणावयाचे, ही पोलिसांची व सैनिकांची सर्वपरिचित रीत या योजनेतून आली आहे.

दुसऱ्या महायुद्धात वाहनांतील संचांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले. रणगाड्यांसाठी तयार केलेला ‘वायरलेस सेट क्रमांक १९’ हा ब्रिटिश संच भारतीय सेनेतही वापरात होता. बाहेरील संदेशांसाठी प्रेषक-ग्राही आणि रणगाड्यातील सैनिकांना एंजिनाच्या घरघरीत परस्परांशी बोलता यावे म्हणून अंतर्गत दूरध्वनी अशा दोन्ही सोयी त्यात एकत्र होत्या. चिलखती दलाचे प्रशिक्षण अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे होत असल्याने वाहनातील बिनतारी संच हाताळणारे सैनिक महाराष्ट्रात मोठ्या संख्येने तयार झाले. धक्के व धूळ सहन करू शकणारी संचाची बैठक, रबरी आधार, पोलादी लवचिक काठीचा आकाशक यांसारख्या गोष्टी युद्धकाळात प्रमाणित झाल्या आणि युद्धानंतर नागरी वापरात आल्या.

राज्यांच्या पोलीस बिनतारी दलांमध्ये सुसूत्रता राखण्यासाठी केंद्र सरकारने १९४६ मध्ये यंत्रणा स्थापिली. तिचे पुढे पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय झाले. बंगलोर (आता बंगळुरू) येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लि. या सरकारी कंपनीमुळे बिनतारी सामग्रीसाठी आयातीवर असलेले अवलंबन क्रमाने कमी झाले. याच सुमारास पोलीस दलांना खुल्या शरीराच्या जीप गाड्या मिळू लागल्या होत्या. महिंद्र कंपनीने मुंबई येथे १९४७ पासून त्यांची जुळणी सुरू केली होती. जीप खडबडीत रस्त्यांवर उपयुक्त ठरली. तथापि तिच्या कापडी टपामुळे आकाशक बसविण्याचा एक नवाच प्रश्न निर्माण झाला. त्याचा विचार पुढे केला आहे.

पुणे शहरातील परिस्थिती : पुणे शहर समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर मुळा-मुठा नद्यांच्या खोऱ्यात वसले आहे. पर्वती, वेताळ टेकडी व चतुःशृंगी या टेकड्या वस्तीत शिरलेल्या आहेत, दक्षिणेस कात्रजचा व आग्नेयीस दिव्याचा घाट आहे आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आहेत. पोलिसांच्या वाहनांतील संच सामान्यतः १३६ ते १७४ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतात. या कंप्रतेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात व डोंगराआड फारसे वळत नाहीत. त्यामुळे सपाट प्रदेशात सहज मिळणारा पल्ला पुणे परिसरात मिळत नाही.

या पल्ल्याचा अंदाज सोप्या गणिताने करता येतो. दोन्ही आकाशकांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज केली व तिला ४·१२ ने गुणले असता सपाट भूमीवरील रेडिओ क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. केंद्राचा आकाशक ३० मी. आणि गाडीचा आकाशक २ मी. उंचीवर असल्यास हे अंतर सु. २८ किमी. येते. त्यात गाडीच्या आकाशकाचा वाटा जेमतेम ६ किमी. आहे. सिंहगडाची उंची सु. १,३१२ मी. म्हणजे शहराहून सु. ७५० मी. अधिक आहे. तेथे ठेवलेल्या आकाशकाचे क्षितिज याच गणिताने ११० किमी. हून अधिक दूर जाते. दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र या गडावर असण्याचे कारणही हेच आहे. म्हणून डोंगराळ जिल्ह्यांत उंच माथ्यावर पुनःप्रेषक ठेवतात. तो गाडीचा क्षीण संदेश एका कंप्रतेवर ग्रहण करून त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने पाठवितो. त्यामुळे परस्परांना न दिसणाऱ्या दोन खोऱ्यांतील गाड्या एकमेकींशी बोलू शकतात. पुनःप्रेषक बंद पडल्यास मात्र दोन्ही गाड्या एकदमच मुक्या होतात.

संदेशवहन तुटण्याचे परिणाम पुणे शहराने १२ जुलै १९६१ रोजी अनुभवले. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले आणि त्या पाण्याच्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याच्या धरणाची भिंतही कोसळली. मुठा नदीच्या पुराने नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बंडगार्डनचा पूल सोडल्यास शहरातील पूल बुडाले व नदीच्या दोन तीरांवरील वस्त्यांचा संबंध तुटला. वीज व पाणीपुरवठा बंद पडला आणि तारांवर अवलंबून असलेल्या साधनांचा आधार नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी, १३ जुलै रोजी, पाण्याचा नवा लोंढा येत असल्याची अफवा पसरली आणि हजारो माणसे जिवाच्या आकांताने धावत सुटली. धरणाच्या जागी काय घडत आहे, हे अधिकारवाणीने व तत्काळ सांगणारा आवाज शहरभर पोहोचविता आला असता, तर अशा अफवेला थारा मिळाला नसता. तारा तुटल्या, रस्ते बुडाले, तरी जी गाडी आपल्या घटमालेवर बोलू शकते, ती घटनास्थळीच संदेशकेंद्र बनू शकते. पूरनियंत्रण व आपत्तिनिवारण यांच्या नियोजनात बिनतारी वाहनाला स्थान असण्याचे कारण हे आहे.

पुणे शहरासाठी १९६५ मध्ये पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. अशा व्यवस्थेत नियंत्रण कक्ष हा केंद्रबिंदू असतो. नागरिकाचा दूरध्वनी या कक्षात येतो आणि तेथून जवळच्या गाडीला बिनतारी संदेश जातो. गाडीला ‘मोबाईल’ आणि कक्षाला ‘कंट्रोल’ म्हणण्याचा पोलिसांचा प्रघात खिशातील दूरध्वनी येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. राज्याच्या पोलीस बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर चव्हाणनगर येथे आहे. या विभागात अभियांत्रिकी व वाहतूक अशा दोन शाखा असतात. येथे वाहतूक म्हणजे संदेशांची ने-आण होय. संच बसविणे, जुळविणे व दुरुस्त करणे हे काम अभियांत्रिकी शाखेचे असून त्यात रेडिओ मेकॅनिक हा महत्त्वाचा कर्मचारी असतो. नियंत्रण कक्षात ऐकू येणाऱ्या आवाजाची सुस्पष्टता बऱ्याच अंशी त्याच्या हातच्या कामावर अवलंबून असते.

विद्युत् पुरवठा : निर्वात नलिकांच्या संचांना शेकडो व्होल्ट दाब लागे, पण जुन्या गाड्यांची घटमाला ६ व्होल्टची व नंतरच्या गाड्यांची १२ व्होल्टची असे. हा दाब वाढविण्यासाठी कंपकाच्या साहाय्याने एकदिश प्रवाह खंडित करून तो रोहित्रातून नेत किंवा चलित्र व जनित्र एकाच आसावर असलेले फिरते यंत्र वापरीत. बोलण्याची कळ दाबताच हे यंत्र घुमू लागे व घटमालेतून २०–३० अँपिअर प्रवाह ओढला जाई. रात्रभर उभ्या असलेल्या गस्ती गाडीतून बराच वेळ संदेश पाठविल्यास पहाटे एंजिन सुरू होत नसे. ट्रँझिस्टरांचे संच प्रचारात आल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. २५ वॉट शक्तीच्या अशा संचाला प्रेषणाच्या वेळी सु. ५ ते ७ अँपिअर प्रवाह पुरतो.

तथापि तारेच्या जाडीचे महत्त्व कमी झालेले नाही. तारेचा व जोडांचा मिळून रोध केवळ ०·०५ ओहम असला, तरी ३० अँपिअर प्रवाहाला १·५ व्होल्ट दाब त्यातच खर्ची पडतो. ६ व्होल्टच्या गाडीत हा चौथा हिस्सा होय. म्हणून संचाचा पुरवठा गाडीच्या दिव्यांच्या किंवा भोंग्याच्या तारेतून न घेता जाड व स्वतंत्र तारेने थेट घटमालेवरून घेतात आणि वितळतार घटमालेच्या शक्य तेवढी जवळ बसवितात. वितळतार संचाजवळ बसविली आणि मधली तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर संच सुरक्षित राहतो पण गाडी पेट घेऊ शकते. पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी वेढे घालण्याचे कारण हेच आहे. ब्रिटिश बनावटीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ट्रँझिस्टरांचा संच अशा गाडीत न तपासता जोडल्यास तो क्षणात निकामी होई. २४ व्होल्टच्या जड वाहनांत दाब उतरविणारे साधन वापरावे लागते.

आकाशक : वाहनावरील साधा आकाशक तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या लांबीची उभी काठी असतो. १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला तरंगलांबी २ मी. असल्याने काठीची लांबी सु. ५० सेंमी. येते. याउलट ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला ती २·५ मी. लागते. लघुतरंगांवरील ७ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला तर ती १० मी. हून अधिक होईल. गाडीवर ते शक्य नसल्याने काठी आखूड ठेवून तिच्या मुळाशी किंवा मध्यावर वेटोळे घालतात, परंतु शक्तीचा बराच भाग त्या वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने वाया जातो. अधिक कंप्रतेच्या पट्ट्याकडे पोलीस यंत्रणा वळण्यामागे काठीची ही आटोपशीर लांबी हेही एक कारण होते.

अशी काठी म्हणजे आकाशकाचा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा भाग तिच्या बुडाखालील धातूचा पृष्ठभाग पुरा करतो. यामुळे पोलादी छपराचा मध्य ही आकाशकाची सर्वोत्तम जागा ठरते. तेथे चारही दिशांना सारखा पत्रा मिळतो व तरंग सर्व दिशांना सारखे जातात. जीपच्या कापडी टपावर अशी जागा नव्हती, म्हणून आकाशक चिखलरोधकावर किंवा मागील कोपऱ्यात बसवीत. मागील डाव्या कोपऱ्यात बसविलेल्या आकाशकाचे प्रेषण पुढे उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूस धातू अधिक त्या बाजूस, प्रबल व इतर बाजूंना क्षीण होते. त्यामुळे एकाच जागी उभ्या असलेल्या जीपचा आवाज तिचे तोंड फिरविल्यावर केंद्रात स्पष्ट येई किंवा पुसट होई. पुढे धातूच्या छपराच्या गाड्या सर्वत्र आल्या. तेव्हा लाल-निळ्या दिव्यांच्या पट्टीने छपराचा मध्य व्यापला आणि आकाशकाला पुन्हा कडेला सरकावे लागले.

संच व आकाशक यांना जोडणारी समाक्ष केबल ५० ओहम संरोधाची असते. ती कोठेही चेपू नये वा तीव्र वळवू नये. तिचे बाहेरील जाळीचे आवरण आकाशकाच्या बुडाशी गाडीच्या पत्र्याला घट्ट जोडलेले असावे लागते. यासाठी त्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा करतात. रंग तसाच ठेवून केलेली जोडणी वरून व्यवस्थित दिसते, पण विद्युत् दृष्ट्या ती तुटलेलीच असते. पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ, मुळशी, वेल्हे (आता राजगड) या भागांत अतिवृष्टी होते. छपराला पाडलेल्या छिद्राभोवतीचे रबर झिजले की, पावसाचे पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपते, तांबे काळवंडते व केबल शक्ती शोषू लागते. हा बिघड हळूहळू वाढतो आणि नेमका पावसाळ्यात, जेव्हा गाडीची सर्वाधिक गरज असते तेव्हा, उघडकीस येतो. म्हणून मृगापूर्वी जोड तपासून ते पुन्हा जलरोधक करून घेणे श्रेयस्कर असते.

गोंगाटाचे निवारण : पेट्रोल एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात ठिणगी पडते आणि ठिणगी हाच हर्ट्‌झ व मार्कोनी यांचा प्रेषक होता. त्यामुळे प्रत्येक पेट्रोल गाडी हे एक लहानसे, अनाहूत प्रेषणकेंद्रच असते. ठिणगी गुडदीच्या तारांत रोधक घालून, जनित्राच्या टोकांना धारित्रे जोडून आणि एंजिनावरील झाकण व धूर बाहेर नेणारी नळी सांगाड्याला लवचिक धातुपट्ट्यांनी जोडून हा गोंगाट आटोक्यात ठेवतात. डीझेल एंजिनात ठिणगी नसल्याने हा त्रास राहत नाही, मात्र प्रत्यावर्ती जनित्राची शीळ ऐकू येऊ शकते. अलीकडील गाड्यांत एंजिनाचे नियमन करणारे इलेक्ट्रॉनीय मंडल असते. त्यात प्रेषकाची ऊर्जा शिरू नये म्हणून केबल त्याच्या तारांपासून दूर नेतात. तसेच अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या मार्गात संच किंवा ध्वनिग्राहक बसविणे धोक्याचे असते.

चाचणी : बसवणी पुरी झाल्यावर आकाशकाकडे जाणारी व तेथून परत येणारी शक्ती मापकाने मोजतात. अप्रगामी तरंगांचे गुणोत्तर १·५ असल्यास फक्त ४ टक्के शक्ती परत येते, ते ३ झाल्यास २५ टक्के येते व संच तापतो. काठी किंचित लांब किंवा आखूड करून हे गुणोत्तर कमी करतात. गाडीचे दरवाजे व झाकण बंद करून आणि एंजिन चालू ठेवून ही चाचणी घ्यावी लागते. अंतिम कसोटी प्रत्यक्ष रस्त्यावरच होते. हद्दीच्या कडांवर, घाटाच्या वळणांवर व टेकड्यांच्या आड गाडी नेऊन कोठून आवाज पोहोचतो व कोठून पोहोचत नाही, याची नोंद करतात. आवाज न पोहोचणाऱ्या जागा चालकाला माहीत असणे हेही सुरक्षिततेचे साधनच आहे. दगडखाणी व रस्त्याची कामे चालू असलेल्या घाटांत विजेने उडविण्याचे सुरुंग लावले असल्यास त्यांच्याजवळ प्रेषण वर्ज्य असते, कारण सुरुंगाच्या तारा आकाशकाप्रमाणे कार्य करून स्फोट होऊ शकतो.

कायदा व हौशी रेडिओ : भारतात बिनतारी संच बाळगणे व चालविणे यांवर १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी नियंत्रण ठेवले. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम करण्यात आला. कंप्रतांचे वाटप केंद्र सरकारचा बिनतारी नियोजन व समन्वय विभाग करतो. या शिस्तीचे महत्त्व पुणे जिल्ह्यात विशेष जाणवते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक यंत्रणा असून ती अतिदूरच्या दीर्घिकांकडून येणारे अत्यंत क्षीण तरंग टिपते. वाहनांचे प्रेषण ज्या पट्ट्यात होते, त्याच्या आसपासच्या कंप्रताही तिच्या निरीक्षणकक्षेत येतात. गस्ती गाडीसाठी जो संदेश, तो या यंत्रणेसाठी गोंगाट असतो.

परीक्षा देऊन परवाना मिळविणाऱ्या हौशी रेडिओ चालकांसाठी १९७८ मध्ये नियम करण्यात आले. त्यांच्यापैकी काही जण आपल्या वाहनांत संच बसवितात. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर–उस्मानाबाद (आता धाराशिव) भूकंपानंतर हौशी रेडिओ चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. २००५ पासून २७ मेगॅहर्ट्‌झजवळील नागरिक पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्या शक्तीला परवान्यातून सूट मिळाली आहे.

सद्यःस्थिती : भारतात भ्रमणध्वनीची सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा वाहनांतील बिनतारी संच लवकरच कालबाह्य होतील असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. भ्रमणध्वनी एकाला एकाशी जोडतो. बिनतारी संचावर दिलेला एक हुकूम त्या मार्गिकेवरील सर्व गाड्या एकाच वेळी ऐकतात आणि एका गाडीवर आलेले संकट न सांगताही सर्वांना कळते. गणेश विसर्जनाची पुण्यातील मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक काळ चालते. अशा गर्दीत भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर एकाच वेळी अगणित लोकांचा भार पडतो, तर पोलिसांची मार्गिका त्यांच्यासाठी मोकळी राहते. आळंदी व देहू येथील पालख्या शहरातून जातात आणि पुढे ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढते, तेव्हाही हीच व्यवस्था उपयोगी पडते.

आधुनिक संचांत कंप्रतांची निवड सूक्ष्मसंस्कारकाने होते आणि अंकीय पद्धतीत आवाजाचे संख्यांत रूपांतर करून तो पाठवितात. महाराष्ट्रात २०२१ मध्ये ११२ या एकाच क्रमांकाची आणीबाणी सेवा सुरू झाली. तिच्यासाठी पोलीस वाहनांत स्थान दर्शविणारी साधने व पडदे बसविण्यात आले आहेत. त्यामुळे नियंत्रण कक्षाला गाडी कोठे आहे, हे विचारल्याशिवाय कळते. साधने बदलली, तरी गाडीचे छप्पर, घटमाला व पाऊस बदललेले नाहीत. अंकीय संचात तर बिघाड अधिक फसवा असतो. जुन्या संचाचा आवाज खरखरीत होत होत बंद पडे व तंत्रज्ञाला आधीच सूचना मिळे. अंकीय संचाचा आवाज मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो व मर्यादा ओलांडताच अकस्मात तुटतो. म्हणून रंग खरवडून केलेला जोड, घटमालेजवळची वितळतार आणि पावसाळ्यापूर्वीची तपासणी यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. आपत्तीच्या प्रसंगी गाडीतून दिलेली हाक केंद्रात ऐकू जाणे हे या लहान कामांवर अवलंबून असते.